घरचं बी

आमच्या सौंदडकडे धानाची शेती. घरचं बी राखलं, तर पुढच्या वर्षी पेरता येतं, शेजाऱ्यालाही देता येतं. वर्गातल्या मुलांच्या गोष्टी-कवितांसाठी वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा मला हे बीच आठवलं!

वेबसाइटवर मजकूर चढवायला, नीट मांडायला तयार साधनं मिळतात. त्यातली काही ‘मुक्त स्रोत’ असतात. म्हणजे त्यांची कृती सर्वांना उघडी. कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. मराठी विकिपीडिया अशाच ‘मीडियाविकी’वर चालतो. पण ते साधन अनेकांनी मिळून एकच लेख लिहिण्यासाठी. आपल्या कवितेखाली नाव आपलंच हवं ना? ‘ड्रुपल’ मोठं ताकदीचं, पण शिकायला वेळ लागतो. म्हणून मी ‘वर्डप्रेस’ निवडलं.

त्याची जन्मकथा गमतीची आहे, बरं का! ‘बीटू’ नावाचं एक साधन होतं. त्याच्या कर्त्याचं काम थंडावलं. पण कृती उघडी होती! मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तीच घेऊन २००३ साली वर्डप्रेस उभं केलं. उलट, याहू कंपनीने २००९ साली अमेरिकेतली ‘जिओसिटीज’ सेवा बंद केली नि कितीतरी लोकांची पानं नाहीशी झाली.

साधन फुकट असलं तरी वेबसाइटच्या जागेचं भाडं पडतं, आणि मजकुराची प्रत वेळोवेळी काढून ठेवावीच लागते. पालकांनो, तुम्हीही निवडताना एवढंच विचारा : उद्या इथून उठावं लागलं, तर मुलांचं लिखाण सोबत नेता येईल का?