छताची गाडी आणि कामगाराचे हात

बटण दाबले की छत उघडणारी मोटार ही पैसेवाल्यांची हौस. आपल्या वस्तीत ती कुणाच्या दारात उभी दिसणार नाही. पण ती बिघडली की तिच्या पोटात हात घालणारे आपल्यासारखेच कामगार असतात. आम्ही तिघे कुर्ल्याच्या एका गॅरेजात आहोत. एक मेकॅनिक, एक वायरमन आणि एक हूड शिवणारा. म्हणून या कामाबद्दल चार शब्द लिहीत आहोत.

अशा छताची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज पोलँ नावाचा दातांचे काम करणारा एक गृहस्थ होता. पत्र्याचे अख्खे छत डिकीत सरकवण्याची युक्ती त्याने काढली आणि १९३४ साली प्यूजो कंपनीने तशी गाडी बाजारात आणली. पुढे १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेत फोर्डने स्कायलायनर ही गाडी काढली. तिच्यात अनेक विजेच्या मोटारी होत्या. एक हालचाल पुरी झाली की एक स्विच दाबला जाई आणि मगच पुढची मोटार फिरे. आजच्या गाड्यांतही तत्त्व तेच आहे. फरक एवढाच, की आता बऱ्याच गाड्यांत छत तेलाच्या दाबाने उचलले जाते आणि स्विचचा निरोप कॉम्प्युटरकडे जातो.

आमच्याकडे आलेल्या कापडी छताच्या गाडीचे दुखणे असे होते. बटण दाबले की काचा खाली येत, छताची मागची कमान उभी राही, मागचे मोठे झाकण उघडे आणि तिथेच सारे ठप्प. पावसाळा तोंडावर आलेला. दुसरीकडे मालकाला सांगितले होते, की तेलाचा पंप आणि मोटार सगळेच नवे घालावे लागेल. तो आकडा आम्हा तिघांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराहून मोठा होता.

आम्ही आधी पान्याला हात लावला नाही. लाकडाचे दोन मजबूत टेकू आणले आणि झाकण व कमान त्यांवर टेकवली. याचे कारण घरच्या मंडळींनीही समजून घ्यावे. छत अर्धवट थांबले की काही वेळाने तेलाचा दाब उतरतो आणि अधांतरी असलेली कमान खाली येते. बोटे मध्ये सापडली तर चेंदामेंदा होतो. मालकाची गाडी दुरुस्त होईल, पण कामगाराचे बोट पुन्हा येत नाही. ज्याच्या हातावर घर चालते, त्याने टेकू लावल्याशिवाय आत डोके घालू नये. उस्ताद घाई करीत असला तरी घालू नये.

मग कान लावून ऐकले. मोटारीचा आवाज येतो पण छत हलत नाही, तर आधी तेल आणि पंप पाहावा. आवाजच बंद होतो, तर आधी वीज पाहावी. आमच्या गाडीत झाकण उघडताच मोटार गप्प होत होती. म्हणजे पंपावर उगाच आळ आला होता. बॅटरी तपासली, ती ठीक. फ्यूज ठीक. डिकीतला छत ठेवण्याचा कप्पा नीट खाली बसलेला होता. तो वर राहिला तरी छत हलत नाही. तेलाची पातळीही बरोबर होती. इथे एक सांगून ठेवतो. तेल कमी असले तर कंपनीने सांगितलेलेच घालावे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतले तर आतली रबरी सिले खराब होतात.

राहिले स्विच आणि वायरी. वायरमनने मीटर लावला. झाकणाचा स्विच चांगला होता, पण त्याचा निरोप पुढे पोचत नव्हता. बिजागरीपाशी, जिथे वायरींचा जुडगा रोज वाकतो, तिथे एक तार तुटली होती. वरचे प्लॅस्टिक शाबूत, आतले तांबे तुटलेले! झाकण उघडले आहे हे कॉम्प्युटरला कळतच नव्हते, म्हणून तो छत हलू देत नव्हता. लवचीक वायरचा तुकडा झाळून जोडला, वर स्लीव्ह चढवली, वाकायला थोडी ढील ठेवली. हूडवाल्याने कापडाची निसटलेली कड शिवली. दहा वेळा छत उघडले, दहा वेळा मिटले. वायरचा खर्च दोनशे रुपयांच्या आत.

मालकाने मजुरी खळखळ न करता दिली. आम्हाला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. वायरमन आयटीआय शिकलेला, म्हणून त्याला वायरिंगचा नकाशा वाचता आला. नकाशा नसता तर आम्हीही पंपच खोलून बसलो असतो. गॅरेजात पोरगा ठेवायचा तर त्याला नुसता पाने देणारा करू नका. दहावी करू द्या, मोटार मेकॅनिक किंवा वायरमनचा कोर्स करू द्या. मुलीला आवड असेल तर तिलाही घाला. मीटर धरायला बळ लागत नाही, डोके लागते. आणि पहिल्या दिवशी पहिला धडा टेकूचा द्या.