ब्राइस कॅनियन : पाषाणांच्या नगरीत

अमेरिकेच्या यूटा राज्यात, दक्षिणेकडील एका उंच पठाराच्या पूर्वेच्या कडेला ब्राइस कॅनियन हे राष्ट्रीय उद्यान वसले आहे. नावात ‘कॅनियन’ असले, तरी ही एखाद्या नदीने कोरलेली दरी नव्हे. पाऊस, हिम आणि ओहोळ यांनी पठाराची कड कुरतडून घडवलेली ही अर्धवर्तुळाकार दालने आहेत. या दालनांत केशरी, गुलाबी, पांढरे असे हजारो पाषाणस्तंभ दाटीवाटीने उभे आहेत. त्यांना तेथे ‘हूडू’ म्हणतात.

सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सरावलेल्या डोळ्यांना हा रंगसोहळा प्रथम खराच वाटत नाही. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी येथे सरोवरे होती. त्यांच्या तळाशी साचलेल्या गाळाचा चुनखडक झाला आणि त्यातील लोहाने त्याला तांबूस छटा दिली. वर्षातील दीडशेहून अधिक दिवस येथे पाणी रात्री गोठते आणि दिवसा वितळते. भेगांत शिरलेले पाणी बर्फ होताना फुगते व खडक फोडते. ज्या प्रक्रियेने हे स्तंभ घडले, तीच त्यांना एके दिवशी ढासळवणार आहे.

या भूमीचे जुने रहिवासी पायूट लोक. हे स्तंभ म्हणजे वाईट वागल्यामुळे दगड झालेली प्राचीन माणसे, अशी त्यांची कथा आहे. उद्यानाला नाव मात्र एबेनेझर ब्राइस या वसाहतकऱ्याचे मिळाले. तो 1870 च्या दशकात येथे आला आणि काही वर्षांतच निघूनही गेला. 1928 मध्ये हे स्थळ राष्ट्रीय उद्यान झाले.

वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. येथील कडा सुमारे 2400 ते 2770 मीटर उंचीवर आहे. खाली उतरल्यावरही आपण कळसूबाईच्या शिखराहून वरच असतो. हवा विरळ असल्याने दम लवकर लागतो. शिवाय आपल्या गडांवर चढण आधी आणि उतार नंतर, म्हणून थकवा आला की परतणे सोपे. येथे सारे उलट. उतरताना पाय हौसेने पळतात आणि खरी परीक्षा परतीच्या चढणीवर होते. ‘क्वीन्स गार्डन’ आणि ‘नवाहो लूप’ या वाटा जोडून होणारी फेरी साडेचार किलोमीटरच्या आसपास आहे. पाणी भरपूर हवेच.

सत्तरी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींनी खाली न उतरण्याचा निर्णय स्वतःच घेतला. ‘सनसेट पॉइंट’ ते ‘सनराइज पॉइंट’ ही जवळजवळ सपाट, फरसबंद वाट त्या सावकाश चालल्या, बाकांवर विसावल्या. आम्ही धापा टाकत वर आलो, तेव्हा उन्हाबरोबर कोणत्या स्तंभाचा रंग कसा पालटला, हे त्यांनी आम्हांला सांगितले. खाली सावलीतून चालताना ते आम्हांला दिसलेच नव्हते.

कड्याजवळच तंबूंसाठी दोन तळ आहेत. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवेलागणीपूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या कुटुंबांची मुळीच अडचण होत नाही. रात्री मात्र उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे लागतात. 2019 पासून हे उद्यान अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित स्थळ म्हणून मान्यता पावले आहे. चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगा येथे नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसते.

तळाच्या आसपास खारी निर्भयपणे जवळ येतात. कबुतरांना दाणे घालण्यात पुण्य मानणाऱ्या घरातील मुलांचा हात सहज डब्याकडे जातो. परंतु येथे प्राण्यांना खाऊ घालण्यास सक्त मनाई आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेला प्राणी आपले अन्न शोधणे सोडतो, रस्त्यावर येतो आणि वाहनाखाली सापडतो. मुलांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. डबा घट्ट बंद ठेवणे, हीच तेथील जीवदया आहे.