आईचा व्यवसाय : घरकाम?



'नोकरीत स्त्रिया मागे का राहतात?' हा निबंधाचा विषय आपण मुलांना नेहमी देतो. मग वहीत ऑफिस येतं, साहेब येतात, विमान चालवणारी बाई येते. पण आपल्या आष्टी तालुक्यात याचं उत्तर शोधायला ऑफिसात जायची गरज नाही. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याकडे निघणारे ट्रॅक्टर बघितले तरी पुरे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. ऊस दोघंही तोडतात. मोळ्या बांधणं, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणं हे तिला चुकत नाही. पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि लेकरं तर तिचीच. पण उचल ठरते नवऱ्याशी आणि हिशेबही त्याच्याच नावावर. दहा-पंधरा हंगाम केलेल्या बाईकडे अनुभवाचा एक कागद नसतो.

आता बढतीचं बघा. या कामात वरची पायरी म्हणजे मुकादम. कामाची खडानखडा माहिती असणाऱ्या बाया प्रत्येक टोळीत असतात, तरी बाई मुकादम विरळाच. कारण मोठी उचल आणून टोळीत वाटायची तर पत लागते. शेत पुरुषाच्या नावावर, गाडी पुरुषाच्या नावावर, बोलणीही पुरुषांचीच. मग तिला पत येणार कुठून?

याची किंमत तिचं शरीर मोजतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे जवळजवळ सहा जणींत एक! कारणं अनेक आहेत. पाळीच्या त्रासात खाडा पडला की पैसे कापतात, ही धास्ती त्यातलीच एक.

वर्गात एका मुलीला विचारलं, "आई काय करते गं?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, पप्पांसोबत ऊस तोडते."

या 'काही नाही'पासूनच आपल्याला सुरुवात करायची आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांपुढे 'ऊसतोड' आणि आईपुढे 'घरकाम' असं लिहून येतं. शिक्षकांनो, हंगामी वसतिगृहात नाव घालताना आईच्या कामाची नीट चौकशी करा आणि तिच्यापुढेही 'ऊसतोड कामगार' लिहा. पालकहो, ग्रामपंचायतीत ओळखपत्रासाठी जाल तेव्हा बायकोचीही नोंद करा म्हणावं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. नाव आलं, चांगलं झालं. आता तिचं कामही कागदावर येऊ द्या. जिची कामगार म्हणून नोंदच नाही, तिला बढती कोण देणार?