मुख्य गवई आणि त्याचे साथी

पोवाडा ऐकून घरीं परतणारा श्रोता शाहिराचें नांव तोंडीं घेतो. मागें उभे राहून झील धरणाऱ्यांची चौकशी तो क्वचितच करतो. हा जगाचा रिवाजच आहे, व त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. परंतु ज्याच्या नांवाचा डंका वाजावयाचा, त्यानेंच तो वाजूं देण्याचें नाकारलें, तर ती गोष्ट क्षणभर थांबून विचार करण्यासारखी असते. लीव्हाय स्टब्ज या अमेरिकन गायकाचें चरित्र आम्हांस प्रिय वाटतें तें याचसाठीं.

स्टब्जचा जन्म १९३६ सालीं डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरीं झाला. ओबी बेन्सन, लॉरेन्स पेटन, आणि ज्याचे वडील पूर्व बंगालमधून तिकडे गेले होते तो ड्यूक फकीर, हे त्याचे तीन सोबती. शाळा संपण्याच्या वयांत हे चौघे एकत्र गाऊं लागले, व १९५६ सालीं त्यांनीं ‘फोर टॉप्स’ हें नांव घेतलें. कीर्ति मात्र सहजीं आली नाहीं. १९६३ सालीं मोटाउन कंपनीनें त्यांस जवळ केलें, आणि १९६६ मध्यें ‘रीच आउट आय विल बी देअर’ हें त्यांचें गीत अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत विक्रीच्या यादींत पहिलें आलें.

स्टब्जचा गळा मूळचा खर्जाकडे झुकणारा. परंतु गीतें रचणारे हॉलंड बंधु व डोझिअर त्यास मुद्दाम चढ्या पट्टींत गावयास लावीत. त्या ओढाताणींतून त्याच्या स्वरांत जी काकुळतीची विनवणी उमटली, तीच चर्चमधील भजनांच्या आर्ततेवर पोसलेल्या ‘सोल’ संगीताची खरी खूण होय.

असा गळा लाभलेल्या माणसास एकट्यानें पुढें जाण्याचा मोह घालणारे कांहीं थोडे नसतात. त्याच कंपनींतील ‘सुप्रीम्स’ या संघाच्या नांवापूर्वीं १९६७ सालीं डायना रॉसचें नांव आलें, व १९७० मध्यें ती संघ सोडून गेली. स्टब्जनें मात्र आपलें नांव संघाच्या नांवापुढें कधीं लावूं दिलें नाहीं. १९७२ सालीं कंपनीनें आपलें बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविलें. या चौघांनीं कंपनी सोडली, डेट्रॉइट सोडलें नाहीं. १९९७ मध्यें पेटन वारला, तोंपर्यंत चाळीसांहून अधिक वर्षें तेच चौघे एकत्र गात होते.

आम्हीं स्वतः तरुणपणीं एका हौशी नाट्यमंडळींत कांहीं वर्षें काढलीं. जाहिरातींत कोणाचें नांव वर छापावें, एवढ्याशा वादावरून ती मंडळी मोडली. नाटकें चांगलीं होत होतीं, प्रेक्षकहि येत होते. तरी पुन्हा आम्ही कोणी एकत्र आलों नाहीं. त्यामुळें चाळीस वर्षांचा तो हिशेब आम्हांस केवळ आंकडा वाटत नाहीं.

आमच्या घरांतील तरुण मंडळी यावर विचारतात, “एकटा गाता, तर तो याहून मोठा झाला नसता कशावरून?” प्रश्न रास्त आहे. कलावंताची निष्ठा कधीं कधीं कलेचेंच नुकसान करते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचीं गीतें लक्षपूर्वक ऐकावीं. तो कळवळून हांक मारतो, आणि मागचे आवाज त्या हांकेस उत्तर देतात. तें उत्तर काढून घेतलें, तर हांक तेवढी राहील; गीत राहणार नाहीं.

२००० सालीं आजारानें त्यास रंगमंच सोडावा लागला. २००४ मध्यें संघाच्या पन्नाशीच्या समारंभास तो चाकांच्या खुर्चींत बसून आला होता. १७ ऑक्टोबर २००८ रोजीं डेट्रॉइटमध्येंच त्याचें निधन झालें. मूळच्या चौघांपैकीं शेवटचा फकीर २०२४ सालीं गेला. आज त्यांच्या तबकड्यांवर पाहावें, तर ठळक अक्षरांत एकच नांव आढळतें, आणि तें चौघांचें आहे.