गोटूचं ऊन

परवा भाचीनं विचारलं, "मामा, गोटूची पाठ मऊ कशी काय झाली?" तो आजारी होता, एवढंच तिला सांगितलं. खरं उत्तर इथं लिहून ठेवतो.

गोटू म्हणजे लाल कानाचं कासव. पुण्याहून आणला तेव्हा तळहातावर मावायचा. कोयनानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये खिडकीशी त्याची टाकी, टाकीत एक वीट. ऊन आलं की विटेवर चढून मान लांब काढायचा, मागचे दोन्ही पाय ताणायचा आणि बोटं पसरून निवांत पडायचा. अप्पा म्हणायचे, काचेतनं कसलं ऊन? ते त्याला उचलून बाहेर पायरीवर ठेवत आणि शेजारी स्वतःही पाय पसरून बसत. अप्पा कामाला होते ते पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. बोगद्यातून आत गेलं की पाळी संपेपर्यंत सूर्य नाही. त्यामुळं घरी आल्यावर उरलेलं ऊन अप्पा सोडायचे नाहीत. आई म्हणायची, "दोघांनाही वाळत घातलंय."

अप्पांचं बरोबरच होतं. कासवाची पाठ टणक राहायला कॅल्शियम अंगी लागावं लागतं, त्यासाठी ड जीवनसत्त्व हवं आणि ते बनतं उन्हातल्या अतिनील ब किरणांवर. खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. आणि आमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून लागला की पायरीच भिजलेली. म्हणून मी ते किरण देणारी खास ट्यूब आणली. "घरात ट्यूब आहे की, आणि कशाला?" म्हणून अप्पा दोन दिवस अडून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विटेपासून वीत मोजून ती बसवली. पुढं रोज सकाळी सातला लावायची, संध्याकाळी सातला बंद करायची; पाळी चुकली नाही.

अशी ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं पेटते, पण तिच्यातले ते किरण सहा महिन्यांत, फार तर वर्षात ओसरतात. हे मला माहीत होतं. नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि सांगायचं राहिलं. फोनवर अप्पा म्हणायचे, "दिवा लख्ख आहे." मी म्हणायचो, मग ठीक आहे.

२२ जुलै २०२१ची रात्र. त्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेली. आमच्याकडं लाइट गेलेली. गोटू गारठेल म्हणून अप्पांनी त्याला स्वेटरच्या आत, पोटाशी धरलं. अंधारात अंगठा पाठीवर टेकला आणि पाठ दबली. ते रात्रभर तसेच बसून राहिले. सकाळी आईनं घरातली पांघरुणं दरडीतून वाचलेल्यांसाठी दिली. अप्पा ती पोचवून आले. मला चार दिवसांनी फोन केला. म्हणाले, "माणसं गेलीत रे, त्यात कासवाचं काय सांगायचं."

नवी ट्यूब घेऊन मी पोचलो तेव्हा गोटूनं डोळे उघडणं सोडलं होतं. आठवड्यात गेला. अप्पांनी पायरीशेजारी खड्डा केला.

मी खोकं तसंच परत न्यायला निघालो, तर त्यांनी मागून घेतलं. वाचलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमच्याकडं यंत्राचा भाग बदलला की तारीख लिहितात. तू सांगितलं असतंस तर मी ट्यूबवर लिहिली असती."