रिकामा लिव्हर

दिवाळी जवळ आली की व्यापारी घरांत मालाची मोजदाद सुरू होते. नव्या वह्यांचे पूजन होण्यापूर्वी जुना साठा एकदा डोळ्यांखालून घालण्याची ही रीत मोठी शहाणपणाची आहे. मांडणीच्या तळाशी दडलेली, वर्षानुवर्षे न विकली गेलेली एखादी वस्तू त्या दिवशी हातात येते आणि तिचे काय करावे, हा प्रश्न टाळता येत नाही. बँकेतही याच जातीचा प्रश्न असे. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने ज्यात एकही व्यवहार केला नाही, ते खाते निष्क्रिय म्हणून वेगळे काढावे लागते. दहा वर्षे तसेच राहिले, तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेने 2014 साली स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. पैसा असो वा वस्तू, ती पडून राहिली म्हणून तिच्याविषयीचे आपले उत्तरदायित्व संपत नाही.

या वर्षी हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका सायकलीच्या निमित्ताने. धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यात नोकरी करतात. त्यांनी ‘फिक्स्ड गिअर’ प्रकारची सायकल घेतली, मागचा ब्रेक काढून टाकला आणि मला विचारले, ‘‘काका, डाव्या हाताचा लिव्हर नुसताच राहिला आहे. फेकवत नाही. त्याचा काही उपयोग सुचतो का?’’ पुढे सहज म्हणून सांगितले, की उजवा लिव्हर आणि पुढचा ब्रेकही काढण्याचा विचार आहे. म्हणजे हँडल अगदी स्वच्छ दिसेल.

हे दोन लिव्हर दिसायला जुळे असले, तरी त्यांची गोष्ट वेगळी आहे. ती समजण्यासाठी या सायकलीची रचना पाहिली पाहिजे. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि उतारावर आपण निवांत बसून जातो. फिक्स्ड गिअरमध्ये मागचे दातेरी चक्र हबला पक्के जखडलेले असते. चाक फिरते तोवर पॅडलही फिरणारच. वेग कमी करायचा, तर फिरत्या पॅडलला पायांनी विरोध करावयाचा. म्हणजे मागच्या चाकाचा ब्रेक स्वाराच्या पायांतच असतो. आपल्याकडे बहुधा डाव्या हाताला मागचा ब्रेक आणि उजव्या हाताला पुढचा असतो. त्यामुळे मागचा ब्रेक काढला, की डावा लिव्हर बेकार होतो.

अशा सायकली मूळच्या शर्यतीच्या, उतरत्या कडांच्या गोल धावपट्टीवरच्या. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही अशी धावपट्टी आहे. जपानमध्ये 1948 साली सुरू झालेली ‘केइरिन’ ही व्यावसायिक शर्यत याच सायकलींवर चालते. धावपट्टीवर हातब्रेक नसतात, कारण सारे स्वार एकाच दिशेने, एकमेकांना अगदी खेटून धावत असतात. एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सारे त्याच्यावर कोसळतील. पुढे न्यूयॉर्कसारख्या शहरांत टपाल-पाकिटे पोचवणाऱ्या सायकलस्वारांनी ही साधी, कमी देखभालीची सायकल रस्त्यावर आणली आणि त्यांच्यामागून ती तरुणांची आवड झाली. परंतु रस्ता म्हणजे धावपट्टी नव्हे. तेथे समोरून रिक्षा येते, गल्लीतून मूल धावत येते, कुत्रे आडवे जाते. ब्रिटनमध्ये 1983 च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या फिक्स्ड गिअर सायकलीलाही पुढच्या चाकाचा ब्रेक असावाच लागतो.

या नियमामागचे कारण साधे आहे. सायकल थांबू लागली, की सारा भार पुढे झुकतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या झालेल्या चाकाला कितीही विरोध केला, तरी ते घसरेल. लवकर थांबवणार नाही. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकाच्या ब्रेकमध्ये असते. दुसरे असे, की पायांचा हा ब्रेक साखळीमार्फत चालतो. साखळी निसटली वा तुटली, की तो त्याच क्षणी नाहीसा होतो. आणि तीव्र उतारावर पॅडल इतक्या वेगाने फिरू लागतात, की पायांना त्यांच्याबरोबर राहणेच अवघड होते, मग विरोध कुठला करणार?

तेव्हा मी पुतण्याला प्रथम उजव्या लिव्हरविषयीच सांगितले. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडव्रत आहे. संसार चालवताना काही हिंसा टळत नाही, हे आपल्या आचार्यांनी जाणले होते. ज्या हिंसेला काही प्रयोजनच नाही, तिच्यापासून दूर राहावे, एवढीच त्यांची या व्रतात अपेक्षा आहे. विनाकारण पाणी सांडणे, जाता जाता झाडाची पाने तोडणे यांची गणना त्यांनी प्रमादचर्येत केली. हँडल सुबक दिसावे म्हणून ब्रेक काढणे मला त्याच पंक्तीतले वाटते. मुनिराज चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. चाकावर बसणाऱ्याला चार हात पुरत नाहीत. त्याची नजर लांब गेली पाहिजे आणि नजरेला जे दिसले, त्याच्या अलीकडे थांबण्याचे साधनही हाताशी पाहिजे. नुसते दिसून जीव वाचत नाही.

आता डावा लिव्हर. तो निकालात काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी लागते. अशा बऱ्याच सायकलींचा मागचा हब दुतोंडी असतो. एका बाजूला पक्के चक्र आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक उलटे करून बसवले, की ती साधी सायकल होते आणि तेव्हा मागच्या ब्रेकची गरज परत उभी राहते. अधूनमधून चाक उलटवण्याचा विचार असेल, तर डावा लिव्हर रिकामा नव्हे, राखीव आहे. त्याला हात लावू नये. पुतण्याचा तसा विचार नव्हता.

मग त्याच्या उपयोगांची चर्चा रंगली. लिव्हरचे काम म्हणजे बाहेरच्या आवरणातून जाणारी तार थोडीशी ओढणे. अर्नेस्ट बाउडेन यांनी 1896 साली या तारेचे पेटंट घेतले. आजही सायकलीपासून स्कूटरपर्यंत तीच चालते. तारेच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकच असला पाहिजे, असे काही नाही. घंटी असू शकते. घंटीच्या खटक्याला तारेचे टोक बांधायचे आणि आवरणाचे टोक शेजारी पक्के अडवायचे. खटक्याची स्प्रिंगच तार परत ओढून घेते. चार बोटे लिव्हरवर ठेवून, मूठ न सोडता घंटी वाजवता येते आणि गर्दीत ही सोय लहान नाही. वाकड्या हँडलच्या सायकलींवर तर काही स्वार तार नसलेला लिव्हरही मुद्दाम ठेवतात, कारण त्याचे रबरी आवरण असलेले बूड हात टेकायला उत्तम असते. गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांसारखेच ते. व्यवहार त्यांच्या हातून होत नाही, पण टेकायला त्यांचा आधार असतो.

माझ्या मनात भरला तो तिसरा उपयोग. मोटारसायकलचा ब्रेक दाबला, की मागे लाल दिवा लागतो. विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या ब्रेक लिव्हरमध्येही एक लहान स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटर बंद करतो. तसाच स्विच रिकाम्या लिव्हरला लावून, दोन तारा मागे नेऊन, बॅटरीवरचा लाल दिवा जोडता येतो. फिक्स्ड गिअरचा स्वार पायांनी वेग कमी करतो, तेव्हा मागून येणाऱ्याला त्याची काहीच चाहूल लागत नाही. थांबण्याचा निर्णय त्याचा त्यालाच ठाऊक असतो. डाव्या हाताने लिव्हर दाबला, की तोच निर्णय मागच्याला कळतो. ज्या लिव्हरचे थांबवण्याचे काम संपले, त्याने थांबण्याची सूचना देण्याचे काम घ्यावे, हे मला फार उचित वाटले.

यांपैकी काहीच करावयाचे नसेल, तर चौथा मार्ग आहे आणि तो आपल्या परंपरेला सर्वांत जवळचा आहे. गरजेपेक्षा अधिक उपभोगाच्या वस्तू बाळगणे, हाही त्याच अनर्थदंडव्रताचा अतिचार सांगितला आहे. गावोगावी दूधवाल्यांच्या, पेपर टाकणाऱ्या मुलांच्या, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकली पाहाव्यात. एखादा लिव्हर मोडलेला आणि ब्रेक सुतळीने बांधलेला आढळतोच. आपल्या फडताळात पडलेला लिव्हर, तार आणि ब्रेकचा चिमटा कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे दिला, तर तो अशाच एखाद्या सायकलीला बसवील. मात्र देताना तार गंजलेली वा विसविशीत नाही ना, हे पाहून द्यावे. दुसऱ्याचा जीव ज्यावर टांगलेला आहे, अशी वस्तू दान म्हणून देताना ती खरी चालणारीच असली पाहिजे.

पुतण्याने शेवटी दोन्ही केले. डाव्या लिव्हरला स्विच लावून मागे लाल दिवा बसवला. काढून ठेवलेला मागचा ब्रेक आणि त्याची तार जवळच्या दुरुस्तीवाल्याला दिली. उजवा लिव्हर जागच्या जागी आहे आणि दर रविवारी त्याची तार व रबर तपासण्याचे त्याने कबूल केले आहे. यंदा मोजदाद करताना आपणही तळाशी पडलेली प्रत्येक वस्तू उचलून असेच विचारावे: हिचे मूळचे काम खरोखर संपले आहे, की आपणच ते काढून घेत आहोत? संपले असेल, तर तिला दुसरे काम द्यावे, नाहीतर ज्याला तिची गरज आहे, त्याच्या हाती सोपवावी. संपले नसेल, तर दिसायला कशीही असो, तिला तिच्या जागी राहू द्यावे.