एकच पत्ता, वेगळा ताण

पलसाणा चोकडीवर दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एक अहमदाबादहून मुंबईकडे धावतो. दुसरा हजिऱ्याहून येतो आणि बारडोली, व्यारा, नवापूर करत आमच्या धुळ्यावरून पुढे जातो. जुन्या आकड्यांत तो सहा नंबरचा, थेट कलकत्त्याला पोचणारा. या चोकडीजवळच्या एका खात्यात मी बावीस वर्षं जेकार्डची डिझाइनं करतो आहे. लूम्सच्या कारखान्याला इकडे खातंच म्हणतात.

मी लागलो तेव्हा डिझाइन ग्राफपेपरवर उतरायचं. एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याची एक फेक. चौकोन रंगवला तर पत्त्याला भोक, कोरा सोडला तर नाही. भोक असेल तिथला हुक वर जातो, धागा उचलला जातो. असे शेकडो पुठ्ठ्याचे पत्ते दोरीत ओवून त्यांची माळ लूमच्या डोक्यावर चढवायची. आता सगळं पेनड्राइव्हवर येतं. एक जुनी माळ मात्र मी घरी आणून ठेवली आहे.

नाना लिंबायतला शटलच्या लूमवर कारीगर होते. एकाच ग्राफवरून पंच केलेल्या दोन माळा, दोन लूम, दोन ताके. नाना डोळे मिटून कापडावरून हात फिरवायचे आणि कुठला ताका कोणत्या लूमचा ते सांगायचे. मला ते पटायचंच नाही. भोकं तीच असताना कापड वेगळं कसं होईल?

“पत्ता एकच शे पोऱ्या, पन ताण एक नई,” नाना म्हणायचे.

पत्त्यांवर चालणारी जुनी यंत्रं शोधताना एकदा मला आपोआप वाजणारा पियानो दिसला. लांबच लांब कागदाची गुंडाळी, तिला भोकं. भोक आलं की हवा आत शिरते आणि पट्टी खाली जाते. फ्रान्समध्ये ल्योनच्या जोसेफ मारी जाकारनं 1804 च्या सुमाराला रेशमाच्या लूमसाठी जे केलं, त्याच घराण्यातली ही वस्तू. समोर कुणी बसलेलं नाही आणि पट्ट्या खालीवर होताहेत, हे बघून मला आमचं खातं आठवलं. वाजत होतं ते ‘कॅरोलायना शाउट’. जेम्स पी. जॉन्सन या न्यू जर्सीत जन्मलेल्या पियानोवादकाची ही रचना. तेव्हापासून, सहा वर्षं झाली, मी हीच एक रचना वेगवेगळ्या हातांची ऐकतो आहे.

या वादनाला स्ट्राइड म्हणतात. स्ट्राइड म्हणजे ढांग. डावा हात खाली खर्जात एक स्वर मारतो, तिथून ढांग टाकून मधल्या सप्तकात तीनचार स्वरांचा गुच्छ पकडतो आणि पुन्हा खाली जातो. एक-तीनला खर्ज, दोन-चारला गुच्छ. तबला, डग्गा, तानपुरा सगळं त्या एका हातात, आणि उजवा हात गायला मोकळा. ‘कॅरोलायना शाउट’ची खरी गंमत मात्र ही ढांग मोडते तिथे आहे. केरव्याच्या आठ मात्रा डोक्यात धरा आणि त्या चार-चार न करता तीन, तीन, दोन अशा तोडा. पाऊल अडखळल्यासारखं वाटतं, पण समेला माणूस बरोबर उभा असतो.

शाउट म्हणजे इथे ओरडणं नव्हे. कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची काळी माणसं गोल फेर धरून, पाय घासत, टाळ्या देत जे भजन करत त्याला रिंग शाउट म्हणत. आपल्या वारकऱ्यांची पावली डोळ्यांपुढे आणली की ते लगेच कळतं. त्या किनाऱ्यावरची माणसं पोट भरायला न्यूयॉर्कला आली, गोदीत राबली आणि रात्री ‘जंगल्स कसिनो’ नावाच्या तळघरवजा जागेत नाचायला जमली. पियानोवर तरुण जॉन्सन असे. ती माणसं आपल्या गावचं काहीतरी वाजव म्हणत आणि तो वाजवी. त्या फर्माइशींतून ही चीज घडली. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी लाइनच्या गाडीत बसलेल्या आमच्या खानदेशी माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

जॉन्सननं ही रचना रोलवर 1918 मध्ये आणि पुन्हा 1921 मध्ये दिली, आणि त्याच 1921 च्या ऑक्टोबरात ओके कंपनीसाठी तबकडीवर वाजवली. म्हणजे एकाच वर्षात एकाच माणसाचा पत्ताही आहे आणि हातही. मी दोन्ही लागोपाठ ऐकतो. रोलवर स्वर भरगच्च आहेत. रोल तयार करणारे चुका काढत आणि जादा भोकंही पाडत, असं या धंद्यात सर्रास चाले. सगळं स्वच्छ, सगळं जागच्या जागी. पण एका ओळीत जो स्वर जोरात, तोच पुढच्या ओळीत तितक्याच जोरात. शिवाय लय यंत्र चालवणाऱ्याच्या मर्जीची, त्यामुळे रोलवरून वेगाचा निवाडा करायला मी धजत नाही.

तबकडीचं तसं नाही. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, आवाज कर्ण्यातून मेणावर कोरला जाई, आणि पियानोचा खर्ज त्यात पुरता उतरतच नसे. पहिल्यांदा मला ती तबकडी कोरडी, टणक वाटली. दहाव्यांदा की बाराव्यांदा ऐकताना लक्षात आलं, की तीन-तीन-दोनच्या जागी जॉन्सन डाव्या हातानं स्वर वाजवत नाही, पाऊल टाकतो. वजन देतो, क्षणभर रोखून धरतो आणि मग सोडतो. पुढे एक जागा आहे, उजवा हात वर एक बोल टाकतो आणि खालून समुदायानं उत्तर द्यावं तसं उत्तर येतं. रोलवर ते दोन सारखे तुकडे आहेत. तबकडीवर एक माणूस बोलतो आणि खोलीभर माणसं ‘हो’ म्हणतात.

फॅट्स वॉलर जॉन्सनचा शागीर्द. त्यानं हीच रचना 1941 च्या मे महिन्यात वाजवली, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. पुढची अडीच वर्षंच काय ती त्याच्या वाट्याला होती. त्याचं वादन अधिक वेगवान आहे, आणि ऐकताना ते घाईचं मुळीच वाटत नाही. हात मोठा. सा धरून वरच्या सप्तकातला ग त्याच हातानं एकाच वेळी दाबणं त्याला सहज जमे, म्हणून त्याची ढांग दणकत नाही, तरंगते. गुरूनं जिथे कोपरा ठेवला तिथे शिष्यानं वळण दिलं. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे नाव घेऊन जे गायलं, त्या जातीचं हे काम आहे. नक्कल नाही, दुरुस्तीही नाही. तरी माझं मत विचाराल तर ती अडखळ वॉलर इतकी गुळगुळीत करतो की पावली चालणारी माणसं दिसेनाशी होतात. आवडतो मला तो फार, पण डोळे मिटून हात फिरवायचा झाला तर मी जॉन्सनचा ताका निवडीन.

डिक हायमन पुढच्या पिढीतला, 1927 चा जन्म. कुणाचाही हात आपल्या हातात घेऊन दाखवण्याची त्याची विद्या थोर आहे. त्याच्या वाजवण्यात पहिल्यांदा मला मधला प्रत्येक स्वर ऐकू आला. ग्राफ नीट समजून घ्यायचा तर त्याच्याकडेच जावं. रात्री मात्र मी तो लावत नाही.

या सगळ्यांत ज्याच्याबद्दल मला आपुलकी वाटते तो ड्यूक एलिंग्टन. वॉशिंग्टनमध्ये पोरसवदा असताना त्यानं ही रचना रोलवरूनच उचलली. यंत्राची गती कमी केली आणि जी पट्टी खाली जाई तिच्यावर बोट ठेवत गेला. शेवटी जॉन्सन गावात आला तेव्हा मित्रांनी ढकलून त्याला वर चढवलं आणि खुद्द रचनाकारापुढे ती वाजवायला लावली. यंत्रानं आधीच दाबलेल्या पट्टीवर ठेवलेलं बोट! मी पंचिंग शिकलो ते असंच, उस्तादाच्या जुन्या पत्त्यावर कोरा पत्ता ठेवून, भोकात पेन्सिल घालून. तो एलिंग्टन पुढे 1963 मध्ये आपला बँड घेऊन भारतात आला होता.

त्याच्या किती आधी या मातीवर डाव्या हाताची अशी ढांग पडली होती! टेडी वेदरफर्ड हा शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि तिथेच 1945 च्या एप्रिलमध्ये पटकीनं वारला. वय एक्केचाळीस. त्याची काही ध्वनिमुद्रणं भारतातच झाली. रात्रपाळी संपवून चोकडीवर रिक्षाची वाट बघत असलो की एका हाताला मुंबईचा रस्ता असतो आणि दुसऱ्या हाताला कलकत्त्याचा. ट्रक जात राहतात आणि मला तो आठवतो.

नाना गेल्याला आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खाती बंद होती, गाव कधी नव्हे इतका शांत होता. मी जुना ग्राफपेपर काढला आणि जॉन्सनच्या डाव्या हाताच्या पहिल्या ओळी चौकोनांत भरल्या. खर्जाला लाल, गुच्छाला निळा. मग त्याच ओळी वॉलरच्या भरल्या. चारदोन चौकोन इकडेतिकडे, बाकी सारखेच. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, मग फोनवर 1921 ची तबकडी लावली आणि डोळे मिटले. खर्ज नीट ऐकू येईना, म्हणून पंखा बंद केला.